फुली, रेघा आणि दहा क्लिक

आबा, जवळ जा, जवळ जा, हे तुमचं एकच पालुपद किती दिवस चालणार? इथे जवळ जाताच येत नाही. मी जाऊन बघितलंय. सगळ्या उतारावर काटेरी झुडपं माजलीत, आपल्याकडच्या करवंदीच्या जाळीसारखी. पाय टाकला की जुनं लुगडं फाडल्यासारखा आवाज होतो, समोरचं जनावर मान वर करून सरळ तुमच्याकडे बघतं, एक उडी, संपलं. तुम्ही पंचवीस पावलांवरून मारायचात, कारण तुमच्या ठासणीच्या बंदुकीत त्याच्यापुढे जायची ताकद नव्हती. जो नाइलाज होता त्याचा तुम्ही नियम केलात आणि मला शिकवत बसलात. हे मी तेव्हाही तोंडावर बोललो होतो. तुम्ही भाताचा घास तसाच ताटात ठेवून उठलात, पडवीत जाऊन विडी पेटवलीत, आणि आई माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी ताटच लाथाडलं. आठ वर्षं झाली तुम्हाला जाऊन. भांडण काही मिटलेलं नाही. मेलेल्या माणसाशी भांडण्यात एवढंच वाईट, की तो उठून पडवीतसुद्धा जात नाही.

कुठून लिहितोय ते सांगतो. बॉबलिंगेनहून बस धरली की तासाभराने जंगलाच्या कडेला एक गाव लागतं. चर्च, बेकरी आणि आमचं खाटकाचं दुकान. मी खाटीक झालो, आबा. दहावी दुसऱ्या फटक्यात काढलेला तुमचा मुलगा एजंटाला पैसे भरून, जर्मन भाषेचा वर्ग करून इथे आला, तीन वर्षं शिकला आणि शिक्क्याचा कागद घेऊन खाटीक झाला. गणपतीला बॉबलिंगेनला जातो तेव्हा पुण्याची इंजिनियर मंडळी विचारतात, ‘कुठल्या कंपनीत?’ मी सांगतो, ‘मटणाच्या.’ हसतात, मग मोदकांकडे वळतात. आरती झाली की त्यातलाच एखादा मला चपलांपाशी गाठतो आणि हळू आवाजात म्हणतो, ‘अहो, रश्श्याला लागतात तसे तुकडे करून मिळतील का हो? हे लोक अख्खी तंगडीच हातात देतात.’ मिळतील म्हणतो. तुम्ही असतात तर फार हसला असतात.

मालकाला इथे शेफ म्हणतात. माझा शेफ सत्तरीचा आहे, बोलायला कंजूष. गावामागच्या जंगलाचा शिकारीचा ठेका त्याच्याकडे आहे. इथे हे लपूनछपून चालत नाही. परीक्षा, परवाना, कुठलं जनावर कुठल्या महिन्यात, सगळं लिहून ठेवलेलं. आपल्या भेकराएवढंच एक हरीण इथे असतं, त्याला हे ‘रे’ म्हणतात. मी मनात भेकरच म्हणतो. शेफने मारलं की आमच्याच दुकानात येतं, आणि सोलायला माझ्यापुढे पडतं. मी सुरी कुठून फिरवतो ते बघून पहिल्याच महिन्यात त्याने विचारलं होतं, ‘हे कुठे शिकलास, युंगे?’ युंगे म्हणजे पोरा. मी म्हटलं, ‘घरी.’ पुढे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

घरी म्हणजे कुठे, ते तुम्हाला काय सांगू. आपली पडवी, भिंतीला टेकवलेली बंदूक, तुम्ही मांडी घालून नळीतून चिंधी ओढताय. आजोबांच्या नावावरून आलेली ती शेतीसंरक्षणाची बंदूक. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची, आणि त्या दिवशी तुम्ही इस्त्रीचा सदरा घालायचात, कुणाच्या लग्नाला निघाल्यासारखे. सावकारांची काजूची बाग राखायची हा तुमचा धंदा. बाग त्यांची, डुकरं तुमची, असं आई म्हणायची. डुकरासाठी वनखात्याची चिठ्ठी कधी असायची, कधी नसायची. मी पंधरा वर्षांचा आहे, भात पिकून पिवळं झालंय, आपण बांधाआड पालथे पडलोय आणि डुकरांचा कळप समोरच्या भाताच्या कुणग्यात लोळतोय. मला तिथूनच बार टाकायचाय. माझं बोट वळवळतंय ते तुम्हाला न बघता कळतं. तुमचा हात माझ्या मानेवर येतो, जड, दारूगोळ्याच्या वासाचा. ‘गपचीप रव. वायच जवळ जाऊया. डोळो दिसलो पायजे.’ मग कोपरांवर सरपटत, चिखलातून, इतकं जवळ की डुकराच्या कानावरची गोचीड मला दिसते. बार होतो. ते जागच्या जागी बसतं. तुम्ही कमरेची बाटली सोडून त्याच्या तोंडात पाणी सोडता, आपल्या माणसाला शेवटचं देतात तसं. मी म्हणतो, ‘डुकराला कशाला?’ तुम्ही म्हणता, ‘तहान काय फक्त माणसाक लागता?’

पुढे मला फोन मिळाला. त्यात परदेशातले लोक या डोंगरावरून त्या डोंगरावर गोळी मारतात, एवढ्या लांब की बार आधी ऐकू येतो आणि जनावर नंतर पडतं. मी ते तुम्हाला जेवताना दाखवायला आणलं. तुम्ही फोन लांब धरून, डोळे बारीक करून बघितलंत आणि म्हणालात, ‘मेल्या, गोळी लांबसून मारशीत, पण बघूक जवळच जावचा लागतला मा?’ मला ते तेव्हा अडाण्याचं बोलणं वाटलं. त्याच जेवणावरून तुम्ही उठलात. मी महिन्याभरात गोव्याला हॉटेलात भांडी घासायला निघून गेलो. एका जागी बूड टेकवायचं नाही हा माझा स्वभाव, तो अजून गेलेला नाही. तुम्ही मात्र त्या भांडणाचं परत कधी नाव काढलं नाहीत. फोन केला की एकच विचारायचात, ‘जेवलंस?’

आता इथलं भांडण ऐका. गावामागच्या उतारावरची उंच झाडं किड्याने वाळली, सरकारने तोडली, त्या जागी नवी रोपं लावली. भेकरं त्या रोपांचे शेंडे खातात. वनखात्याचा माणूस दर महिन्याला दुकानात येतो, अर्धा किलो सॉसेज घेतो आणि जाता जाता शेफला म्हणतो, ‘तुमची भेकरं माझं जंगल खाताहेत.’ शेफचे डोळे उतरलेत. म्हणून तो मला म्हणाला, परीक्षा दे, तू मार. पण भेकरं उभी राहतात ती ओढ्याच्या पलीकडच्या अंगाला, आणि मचाण अलीकडे. मधलं अंतर अडीचशे, कधी तीनशे मीटर.

गोळी सरळ जात नाही, आबा. तुम्हाला सरळ वाटायची, कारण पंचवीस पावलांत तिला पडायला सवडच मिळायची नाही. लांब गेली की ती खाली येत जाते, तीनशेला तर हातभर तरी खाली. ते भरून काढायच्या इथे तीन रीती आहेत, आणि शेफच्या घरात त्यावरून जेवण थंड होतं. शेफची रीत अशी: बंदुकीवरची दुर्बीण अशी बसवायची, की शंभर मीटरवर गोळी तिच्यातल्या नेमाच्या फुलीच्या दोन बोटं वर लागेल. मग पावणेदोनशेपर्यंत डोकं चालवायचंच नाही, फुली छातीच्या मधोमध, गोळी दोन बोटं वर नाहीतर दोन बोटं खाली, काम तेच. त्याच्यापुढे जनावर असलं तर बघायचं आणि घरी जायचं. दुसरी रीत रेघांची. फुलीच्या खालच्या दांडीवर बारीक रेघा असतात, अडीचशेला ही, तीनशेला ती, ती रेघ जनावरावर ठेवायची. पण दुर्बीण पूर्ण मोठी केलेली असेल तरच त्या रेघा खऱ्या. आजूबाजूचं दिसावं म्हणून जरा लहान केलीत की तीच रेघ खोटं बोलते. तिसरी चकतीची. दुर्बिणीच्या डोक्यावर चकती, आधी अंतर मोजायचं, त्या हिशोबाने ती फिरवायची, टिक टिक टिक, दर टिकेला एक क्लिक, आणि फुली परत सरळ छातीवर. सगळ्यात अचूक हीच. फक्त काम झालं की चकती आठवणीने शून्यावर आणायची.

शेफचा मुलगा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे, तो चकतीवाला. रविवारी जेवायला येतो आणि सुरू होतो.

‘पपा, तू अजून बोटांत मोजतोस.’

‘आणि तू क्लिकांत. भेकराला दोन्ही कळत नाही.’

‘आल्झो, म्हणजे ठीक आहे, पण रोपं तर खाऊन संपतील! या पोराचे डोळे तरणे आहेत, त्याला लांबचं मारू दे की.’

‘तरण्या डोळ्यांमागे डोकं पण तरणंच असतं,’ शेफ म्हणाला आणि बटाटे पुढे सरकवले.

मी अर्थात मुलाच्या बाजूचा. तुम्ही समोर बसला असतात तर शेफच्या बाजूने बसला असतात, भाषा कळली नसती तरी.

परीक्षेचं सांगतो. ते सांगायचं नव्हतं, पण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. पहिल्या वेळी मी नापास झालो. वर्गात जे शिकवत ते अर्धं डोक्यावरून जायचं, पुस्तकाची भाषा कोर्टाच्या भाषेसारखी. जे कळलं नाही तिथे मी तुम्हाला आठवून उत्तर द्यायचो. आणि पेपरात प्रश्न आला: संध्याकाळच्या वेळी तुम्ही रानडुकरावर गोळी झाडली, ते जखमी होऊन दाट झाडीत शिरलं, तुम्ही काय कराल? खाली चौकोन. पहिलाच होता, लगेच मागोमाग जाऊन शोध घ्याल. मी त्यात फुली मारली. मारल्यावर खालचं वाचलं. थांबाल, जागा खूण करून ठेवाल, सकाळी शिकवलेलं कुत्रं आणि माणसं घेऊन जाल, एकटे कधीही जाणार नाही. तेव्हा कळलं, आबा. माझं उत्तर चुकलं ते चुकलं. पण ते तुमचं उत्तर होतं. पुढचे प्रश्न मला वाचताच आले नाहीत. अक्षरं नुसती मुंग्यांसारखी चालत होती.

आठ वर्षांपूर्वीचा काजूचा हंगाम होता. सावकारांचा पुतण्या मुंबईहून आला होता, नवी काडतुसाची बंदूक घेऊन. त्याने बागेच्या या टोकावरून त्या टोकाच्या डुकराला बार टाकला. ते लंगडत करवंदीत शिरलं. तो म्हणाला, ‘अंधार पडतोय, सकाळी बघू,’ आणि बंगल्यावर जाऊन चहा प्यायला. तुम्ही बंदूक भरलीत आणि आत गेलात. आईने अडवलं तेव्हा म्हणालात, ‘फाटफटी बायका बोंडू वेचूक येतल्या. तेंका कोण सांगतला?’ बार झालाच नाही. दारू दमट होती की वेळच मिळाला नाही, कुणाला ठाऊक. डुकराच्या सुळ्याने तुमची मांडी फाटली होती. तिथून रस्त्याला आणेपर्यंत काही उरलं नव्हतं. मला गोव्याला फोन आला तेव्हा मी कढई घासत होतो, आणि ऐकताना हात थांबले नाहीत, कढई संपेपर्यंत घासतच राहिलो. तो पुतण्या सकाळी गाडीत बसून मुंबईला गेला.

आणि आता हे पुस्तक म्हणतं, सकाळी बघू, हेच बरोबर. ज्याचं तोंड बघायचं नाही म्हणून आईने शपथ घातली, तो बरोबर निघाला आणि तुम्ही चूक. तुमचं मरण इथे चौकोन काढून छापलंय. शेफने माझा निकाल बघून विचारलं, ‘हे कुणी शिकवलं तुला? लगेच जायचं म्हणून?’

‘वडिलांनी.’

‘ते शिकारी आहेत?’

‘होते. त्यातच गेले.’

त्याने हातातला सुरा फळीवर आडवा ठेवला. मग ब्रेडवर भाजलेल्या मांसाचा जाड काप घातला, वर मोहरी लावली आणि माझ्यापुढे सरकवला. ‘खा,’ म्हणाला. इथे ‘जेवलंस?’ असंच विचारतात, मला वाटतं.

दुसऱ्या वेळी पास झालो. त्या प्रश्नाला बरोबर चौकोन भरला आणि बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. सगळ्यांना वाटलं आनंदाने रडतोय. बापलेकांनी मिळून बक्षीस दिलं, शेफने त्याची जुनी रायफल आणि मुलाने त्याची चकतीवाली दुर्बीण. शेफ म्हणाला, ‘दुर्बीण कुठली ठेवायची ते तू ठरव. माझी साधी फुलीवाली पण पडून आहे. मी बोलणार नाही.’ खरंच बोलला नाही. मी चकतीवाली ठेवली. नेमबाजीच्या मैदानावर तीनशेच्या कागदावर पाच गोळ्या मुठीएवढ्या जागेत गेल्या. मुलाने माझ्या पाठीवर थाप मारली, ‘गेनाऊ!’ म्हणजे अगदी अचूक, आणि मी मनात तुम्हाला म्हटलं, बघा.

पानं गळायला लागलीत. मी आणि शेफ मचाणावर बसलोय, त्याच्या थर्मासातला चहा दोघांत. पलीकडच्या अंगाला एक मादी येते. मी अंतर मोजतो, पावणेतीनशे. चकती फिरवतो, दहा क्लिक. शेफ थर्मास बंद करतो. फुली छातीवर, श्वास अर्धा सोडलेला, आणि ती दोन पावलं टाकते आणि काट्यांत दिसेनाशी होते. मी वाट बघतो. उजेड कमी होतो. मग अगदी आमच्या खालीच पाचोळा वाजतो आणि दुसरी मादी, फार तर ऐंशी मीटरवर, आडवी उभी. एवढी जवळ! फुली छातीवर. बार.

ती दगडासारखी खाली बसली. मी मराठीत ओरडलो, ‘पडली!’ शेफ माझा दंड दाबून ओरडत होता, ‘परत भर! परत भर!’ मला कळेना कशाला. पडलीय की. आणि मी बघतोय तोवर ती उठली. पुढच्या पायांवर आधी, मग मागचे ओढत, आणि झुडपांत गेली. चकती तशीच वर होती. लांबच्या मादीसाठी चढवलेले दहा क्लिक मी जवळचीवर झाडले. गोळी छातीच्या वर, पाठीच्या कण्याच्या टोकांवरून खरवडत गेली. तसं लागलं की जनावर आधी पडतं आणि मग उठून जातं, म्हणून शेफ ओरडत होता. त्याने माझ्या हातातून रायफल घेतली, रिकामी केली, दुर्बिणीकडे बघितलं आणि चकती एकेक करून मागे आणली. टिक. टिक. दहाही मी ऐकले.

मी शिडीकडे वळलो. तोवर काही विचार नव्हता, पाय आपोआप वळले. शेफने मागून माझी कॉलर धरली.

‘बस.’

‘ती जिवंत आहे!’

‘म्हणूनच बस. आता गेलास तर ती दम संपेस्तोवर पळेल आणि सापडणार नाही. झोपू दे तिला. सकाळी कुत्रीवाली बाई येईल.’

‘सकाळी?’ मी म्हटलं. ‘सकाळी बघू?’ आणि मग मी काय काय बोललो मला आठवत नाही, सगळं मराठीत, तुम्हाला द्यायच्या शिव्या त्याला दिल्या, त्या पुतण्याला द्यायच्या त्याही दिल्या. त्या म्हाताऱ्याला एक शब्द कळला नसेल. पण कॉलर सोडली नाही. आबा, मी नंतर याच गोष्टीवर अडकून बसलो. तुमची कॉलर धरायला तिथे कुणी का नव्हतं? मी घरी असतो तर धरली असती का? नाही. मी तुमच्यामागून आत आलो असतो. दुसरी बंदूक नव्हती तर कोयता घेऊन आलो असतो.

सकाळी कुत्रीवाली बाई आली, लाल जाकीट, दोरीला लांब कानांची तपकिरी कुत्री. तिने बार लागलेल्या जागी गुडघे टेकले, केसांचा पुंजका उचलला, बोटांत चोळला. ‘वरच्या अंगाला लागलीय,’ एवढंच म्हणाली. कुणाच्या हातून, हे विचारलं नाही, पण माझं तोंड बघून तिला कळलंच असणार. कुत्री काट्यांत शिरली आणि तिच्या मागून आम्ही. मला वाटत होतं मेलेली सापडेल. देवाला तेच मागत होतो. मेलेली नव्हती. ओढ्याच्या वरच्या अंगाला झुडपाखाली बसली होती, मागचं अंग लुळं, भोवतालची पानं सगळी उकरलेली. रात्रभर उठायला बघत होती. बरोबर उत्तर असं दिसतं, आबा. पुस्तकात ते दिसत नाही. माणसं सगळी धडधाकट, कुत्री धडधाकट, नियम पाळलेला, आणि ते जनावर रात्रभर थंडीत पुढच्या पायांनी जमीन खरवडत बसलेलं.

बाईने कुत्रीला मागे घेतलं आणि मला मान हलवून खूण केली. म्हणजे तू जा. मी रायफल घेतली आणि कोपरांवर गेलो, काटे कानाला, ओठाला लागत होते. किती जवळ गेलो ते मोजलं नाही. तिचा डोळा दिसला. काळा, ओला, त्यात आभाळाचा एक पांढरा तुकडा आणि मी. तुम्ही डोळो दिसलो पायजे म्हणायचात तेव्हा मला वाटायचं नेमासाठी. नेमासाठी नसावं ते. ज्याला मारतोय त्याने आपल्याला बघितलं पाहिजे, असं काहीतरी असेल. मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. बार केला. शेफ मागून आला, एका रोपाची डहाळी मोडली आणि तिच्या दातांत ठेवली. इथे तसा रिवाज आहे, शेवटचा घास म्हणतात. मी खिशातली बाटली काढली आणि डहाळीवरून थोडं पाणी सोडलं. बाईने टोपी काढली.

त्या दिवशी दुपारी मी तिला सोललं. मीच सोलणार म्हटलं. चकतीवाली दुर्बीण मी काढून मुलाला परत दिली. तो म्हणाला, ‘अरे, दोष चकतीचा नाही. परत शून्यावर आणायची सवय लागते. मला पण लागली.’ बरोबर आहे त्याचं. दोष चकतीचा नाहीच. ज्याच्या अंगात धीर आहे त्याने खुशाल फिरवावी. माझ्या अंगात नाही, तो तुम्हीच कधी दिला नाहीत, तुमच्याजवळही नव्हता. शेफची साधी फुलीवाली बसवून घेतली, दोन बोटं वर. पावणेदोनशेच्या पुढचं मी बघतो आणि घरी येतो. आणि आता दर रविवारी ओढ्याकाठाने कोयता घेऊन वाट कापतोय, माणसाच्या खांद्याएवढी रुंद, पाचोळा झाडून साफ, म्हणजे आवाज न करता पलीकडच्या अंगाला शंभर मीटरवर जाऊन बसता येईल. हातांची सालटी निघालीत. वनखात्याचा माणूस सॉसेज घेताना म्हणाला, ‘एवढ्याला एवढी मेहनत? बाकीचे सरळ लांबून मारतात.’ शेफ म्हणाला, ‘हो, हो, बाकीचे.’

तुम्ही जिंकलात असं समजू नका. तुमची रीत तुम्हाला खाऊन गेली आणि आईला त्या घरात एकटी ठेवून गेली. पहाटे काजू वेचायला येणाऱ्या त्या बायकांना वाटेवर उभं राहून सांगता आलं असतं. रात्रभर पडवीत बसून राहता आलं असतं. पहाटे चार माणसं गोळा करता आली असती. आठ वर्षं मी हे तुम्हाला मोजून सांगतोय आणि तुम्ही एकदाही उत्तर देत नाही. तरी एक कबूल करतो, एवढंच करतो. त्या संध्याकाळी मी थांबलो ते पुस्तकामुळे नाही. म्हाताऱ्याच्या हातात माझी कॉलर होती म्हणून थांबलो. मोकळा असतो तर गेलोच असतो.

आईला यातलं काही माहीत नाही. तुम्ही गेल्यावर तिने बंदूक स्वतः नेऊन पोलीस ठाण्यात टाकली आणि परत आणली नाही. तिला वाटतं मी इथे नुसते सॉसेज भरतो. परवा फोनवर म्हणाली, डुकरं आता घरामागच्या सुरणापर्यंत येतात, वाडीतला कुणीतरी मुलगा राखणीला बसतो म्हणतोय, बॅटरी आणि भाला घेऊन. मी म्हटलं कुणाला बसवू नको, काही झालं तरी बसवू नको, सौरऊर्जेचं झटक्याचं कुंपण घालून घे, मी बघतो. दुर्बीण परत दिली तरी शेफच्या मुलाने बक्षीस ते बक्षीस म्हणून तिचे पैसे माझ्या हातात ठेवले. ते ओव्हरटाइमचे आहेत असं आईला सांगितलंय. हे सगळं दुकानातल्या मांस गुंडाळायच्या कागदांवर लिहिलंय, ते कागद इथेच खणात राहतील. पैसे तेवढे जातील. उद्या आईच्या खात्यावर कुंपणाचे अठ्ठावन्न हजार रुपये पाठवतोय.